क्रमशः

पंगतीत आधी वरणभात, मग पोळी आणि शेवटी ताकभात हा क्रम कोणी ठरवला, ते मला ठाऊक नाही. पण पहिल्याच घासाला जिलबी मागणाऱ्या पाहुण्याकडे वाढपी ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने माझी १९ वर्षांची भाची परवा माझ्याकडे बघत होती. मी एवढंच म्हटलं होतं, की तुझ्या त्या 'हारुही सुझुमिया'चा सिनेमा आधी बघून टाकू. मालिका २८ भागांची, सिनेमा अडीच तासांवर थोडा. पेन्शनीत निघालेल्या माणसाने हिशेब करायचा नाही, तर कोणी करायचा?

"मामा!" ती म्हणाली. प्रतिष्ठापनेआधीच विसर्जनाला निघालेल्या माणसाला याहून जास्त काय बोलणार?

ज्यांच्या घरात असलं तरुण माणूस नाही त्यांच्यासाठी सांगतो. जपानी चित्रमालिकांना ॲनिमे म्हणतात, आणि त्या बघणं हे जन्मपत्रिका जुळवण्याइतकं जबाबदारीचं काम आहे. 'डिटेक्टिव्ह कॉनन' ही मालिका १९९६ पासून चालू आहे. हजारावर भाग झाले, १९९७ पासून बहुतेक दर वर्षी एकेक सिनेमा आला, आणि इतक्या खुनांचा छडा लावूनही ते पोर अजून पहिलीतच आहे. (आमच्या वर्गातही असा एकजण होता. पण त्याच्या वाट्याला छडा नाही, छडी आली.) असल्या मालिकेत शिरायचं कुठून, मूळ कथेशी संबंध नसलेले भरतीचे भाग गाळायचे कुठले, सिनेमे कशानंतर घ्यायचे, याचं भाचीने वहीत कोष्टक केलेलं आहे. आमचे आजोबा काशीला गेले तेव्हासुद्धा एवढी तयारी नव्हती.

हारुहीचा घोळ मात्र मालिका काढणाऱ्यांनीच घातलेला. हारुही ही शाळकरी मुलगी. तिला कंटाळा आला तर जगाचं काही खरं नाही, अशी तिची शक्ती. ते फक्त तिला स्वतःला माहीत नाही. २००६ साली हिचे १४ भाग टीव्हीवर आले ते पत्ते पिसावेत तसे पिसून. पहिल्याच दिवशी दाखवलं काय, तर या पोरांनी शाळेच्या संमेलनासाठी काढलेला रद्दड हौशी सिनेमा! कोण कोणाचं कोण, पत्ता नाही. भाग संपला की पुढच्या भागाची जाहिरात. तीत हारुही भागाचा आकडा घटनाक्रमाने सांगणार आणि तिचा वर्गमित्र क्योन प्रक्षेपणाच्या क्रमाने. दोघांचं भांडण प्रेक्षकांच्या देखत. जगावरचं संकट टळतं तो खरा सहावा भाग. तो त्यांनी सर्वांत शेवटी दाखवला. मग २००९ साली तेच १४ आणि नवे १४ असे २८ भाग मुकाट्याने सरळ क्रमात आणले, आणि २०१० साली सिनेमा काढला.

मला सरळ क्रमच पटतो. त्यात जग सहाव्या भागात वाचतं आणि सातव्यात मंडळी बेसबॉल खेळतात. अठ्ठाविसाव्यात तर पाऊस पडतोय, एक मुलगी कोपऱ्यात पुस्तक वाचत बसलीय, आणि मिनिटंच्या मिनिटं काहीही घडत नाही. संसार याहून वेगळा काय असतो? लग्न सहाव्या भागात उरकतं. उरलेले बावीस भाग दूधवाला आणि लाइटबिल.

भाचीला पिसलेला क्रम प्यारा. आणि दुर्दैवाने महाभारत तिच्या बाजूने आहे. ते सुरू होतं सर्पसत्रापासून, आणि कथा ऐकायला बसलाय जनमेजय, म्हणजे अर्जुनाचा पणतू. युद्धात कोणाचा वंश टिकला हे शंख फुंकायच्या आधीच कळलं. शिवाय माणसं तरी आपल्याला पहिल्या भागापासून कुठे भेटतात? आईवडलांची मालिका आपण निम्म्यातून बघायला लागतो आणि सासऱ्यांची तर शेवटच्या काही भागांपासून. त्यावर ते कसे आहेत हे छातीठोक सांगतो.

खरा वाद पुढेच होता. २००९ च्या नव्या भागांतले आठ भाग एकाच गोष्टीचे आहेत. सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आठ आठवडे तेच पोहणं, तीच जत्रा, तेच किडे पकडणं. चित्रं दर वेळी नव्याने काढलेली, आवाज नव्याने भरलेले, कपडे निराळे, गोष्ट तीच. पोरांना मागची फेरी आठवत नाही. आठवते फक्त त्या कोपऱ्यात वाचणाऱ्या युकी नागातोला. फेऱ्या झाल्या १५,५३२. मी कागदावर हिशेब केला. सहाशे वर्षांच्या आसपास भरतात. शेवटी सुटका कशाने होते? तर सुट्टीचा गृहपाठ राहिलाय हे क्योनला आठवतं म्हणून. गृहपाठाने कोणाचं भलं झाल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव नोंद.

शहाणे लोक सांगतात, पहिला, दुसरा आणि आठवा बघा, मधले सोडा. मीही तेच म्हटलं. भाची म्हणाली, "सिनेमात नागातो एक गोष्ट करते. ज्याने आठही भाग बसून बघितले, त्यालाच तिला माफ करता येतं."

ती काय करते ते इथे सांगत नाही, नाहीतर तुमचा क्रम बिघडेल. पण हे वाक्य माझ्या दाताखाली अडकून बसलं. माणसाची एक कृती समजायला त्याचा कंटाळा आपणही भोगायलाच हवा का? कोर्टात तर न्यायाधीशाला शेवटचाच भाग दाखवतात. आणि १५,५३२ मधल्या आठ म्हणजे तरी काय, शितावरून भात. तरीही तीन शितांपेक्षा आठ शितं बरी, इथपर्यंत मी आलो आहे.

याला कारण आमची आत्या. वय ८६. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत तळमजल्यावर राहायची. ती गोष्ट ती अजून सांगते. कधी त्यात शिवणयंत्र असतं, कधी शेजारची शेळी असते. पाणी कधी उंबऱ्याशी येतं, कधी एकदम फडताळाच्या वरच्या फळीवर. घरातल्या मंडळींनी सुरुवात आणि शेवट ऐकून मधे चहा टाकायला उठायची सोय केलेली आहे. आता तिची इमारत पाडून नवी व्हायची आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, आत्याची नाही. नव्या इमारतीत तिला पहिला मजला दिलाय आणि ती म्हणते, चौथ्याच्या खाली देत असाल तर कागद परत न्या. सिनेमा आधी बघितलेले शेजारी म्हणतात, म्हातारी हटवादी आहे.

बिल्डरच्या माणसाला मी म्हटलं, "सही हवी ना? मग बसा जरा." आता तो दर शनिवारी येतो. परवा त्याचा तिसरा भाग झाला. निघताना जिन्यात त्याने मला हळूच विचारलं, "काका, ते शिवणयंत्र शेवटी सापडलं का हो?"

मी म्हटलं, "ते पाचव्यात येतं."