छंद, धंदा आणि फळाची आसक्ती

फावल्या वेळात गोधड्या शिवून विकणाऱ्या बाईला किंवा लाकडी खेळणी करणाऱ्या मास्तरांना कराचे विचारले, की उत्तर ठरलेले असते : आम्ही आवडीपोटी करतो, हा काही धंदा नव्हे. या उत्तरामागे नकळत गीता उभी असते. फळाची आशा नाही तर व्यापार कसला? पण गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते. आलेले फळ आलेच नाही असे समजायला सांगत नाही. मन निष्काम असेलही, पण खात्यात जमा झालेली रक्कम ही वस्तुस्थिती आहे. आयकर कायदा मनात शिरत नाही, वागणूक पाहतो : माल नेमाने आणता का, अनोळखी गिऱ्हाइकाला विकता का, किमतीत नफा धरता का. त्याच्या धंद्याच्या व्याख्येत व्यापाराच्या स्वरूपाचा एखादा व्यवहारही बसू शकतो. नातवाला शिवलेले दुपटे त्यात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन धावदोरा घातलेली गोधडी येते.

आपल्या परंपरेनेही कारागिराला करातून सोडलेले नाही. मनुस्मृतीत कारागिरांनी महिन्यातून एक दिवस राजाचे काम करावे असे आहे. मराठेशाहीत कसबांवर मोहतर्फा नावाचा कर होता. संतांचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली ती इतरांकडून येणे असलेली कर्जखते. स्वतःचे देणे नव्हे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लुटवले, पण त्या कथेत विठोबा बिदरच्या दरबारी जाऊन धान्याची रक्कम भरतो आणि पावती घेतो. चमत्कारातसुद्धा सरकारी खाते चुकते झाल्याशिवाय कथा संपत नाही, हे मला फार बोलके वाटते.

पुणतांब्यात यावर खरा आक्षेप निघेल. चांगदेवांच्या समाधीचे हे गोदाकाठचे गाव. १ जून २०१७चा शेतकरी संप इथूनच उभा राहिला. कांद्याच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग त्याच घरातल्या सुनेच्या गोधडीवर का? कारण सूट जमिनीतून येणाऱ्या उत्पन्नाला आहे, शेतकरी असण्याला नाही. उलट पाच हजारांवरचे शेती उत्पन्न इतर उत्पन्नाचा कराचा दर ठरवताना धरले जाऊ शकते. सरकार बदल्यात काय देते, ही तक्रार रास्तच. पण संप गावाने ग्रामसभेत ठराव करून, उघडपणे केला होता. विक्री वहीतून गाळणे हा निषेध होत नाही, कारण तो कुणाला दिसतच नाही.

‘एवढ्याशा पैशाला कर?’ याला कायद्यानेच उत्तर दिले आहे. आयकराच्या नव्या प्रणालीत २०२५-२६पासून बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, मालाच्या जीएसटीची मर्यादा चाळीस लाखांची आहे. विवरणपत्र मात्र चार लाखांपुढे भरावेच लागते. तेव्हा बहुतेकांचा प्रश्न पैशाचा नाही, कबुलीचा आहे. आणि लबाडी उघडी पडते ती इथे : नफा झाला की छंद, तोटा झाला की धंदा. नोकरदाराला तर हा तोटा पगारातून वजाही करता येत नाही. कापड, दोरा, कुरिअर हा खर्च बिनदिक्कत लिहावा. नातवाच्या दुपट्याचे कापड तेवढे त्यातून वगळावे.