ठोसा कुणाचा, नजर कुणाची?

स्त्रियांनी मुष्टियुद्ध खेळावे की नाही, हा वाद आता जुना झाला. 2012 साली लंडन ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा पदकासाठी रिंगणात उतरल्या आणि मेरी कोमने कांस्यपदक आणले. 2022 साली निजामाबादची निखत झरीन इस्तंबूलमध्ये जगज्जेती झाली, 2023 साली दिल्लीत पुन्हा झाली. आम्हांला पडलेला प्रश्न वेगळा आहे. या खेळाचे चित्र काढणाऱ्यावर काही जबाबदारी असते की नाही?

इंटरनेटवर हौशी चित्रकारांच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. अमेरिकेतली डेव्हिअंटआर्ट 2000 पासून, जपानमधली पिक्सिव्ह 2007 पासून. आवडत्या कॉमिक्समधल्या नायिकांना हातमोजे चढवून तेथे रिंगणात उभे केले जाते. कुणी नव्या नायिका कल्पून त्यांच्या लढती रंगवतात, कुणी पैसे मोजून हवे तसे चित्र काढून घेतात.

या चित्रांत आम्हांला दोन जाती दिसतात. पहिल्या जातीत हनुवटी खाली, एक हात गालाशी, मागच्या पायाची टाच उचललेली आणि ठोसा कमरेतून निघालेला असतो. चित्रकाराने खेळ समजून घेतला आहे, हे लगेच कळते. दुसऱ्या जातीत खेळ नसतोच. तेथे असते फक्त मार खाणारे शरीर, आणि तेही बघणाऱ्याच्या करमणुकीसाठी वळवलेले.

कुणी म्हणेल, कागदावरच्या बाईला लागते कुठे? म्हणणे खरे आहे. रंगातले रक्त हे रक्त नव्हे, आणि अशा चित्रांवर बंदी घाला असे आम्ही म्हणणार नाही. पण डोळ्याला लागलेली सवय कागदापुरती राहते काय? 2011 साली खुद्द जागतिक मुष्टियुद्ध संघटनेने स्त्री खेळाडूंनी स्कर्ट घालावा असा आग्रह धरला होता. कारण काय, तर प्रेक्षकांना त्या स्त्रिया आहेत हे ओळखू यावे! खेळाडूंनी विरोध केला आणि 2012 साली स्कर्ट ऐच्छिक झाला. 2019 साली हिजाब घालून खेळण्याचीही मुभा मिळाली. अंगावर काय असावे, हे ठरवण्यात खेळणारीला थोडा वाटा मिळाला.

चित्रातल्या बाईला हा वाटा मिळत नाही. 2024 साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अल्जिरियाच्या इमान खलिफशी लढत होण्याआधी तिच्या हंगेरियन प्रतिस्पर्धीने समाजमाध्यमावर एक चित्र टाकले. एका बाजूला नाजूक मुलगी, समोर शिंगे असलेला राक्षस. कुणी कोणत्या गटात खेळावे हा नियमांचा वाद आहे; तो नियमांनी सोडवावा. पण जिवंत माणसाला शिंगे काढणे हा कोणत्याही वादातला युक्तिवाद होऊ शकत नाही. येथे लागले ते कागदाला नाही.

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की 'नजर' ज़ोयने लिहिली तर दृष्टी, आणि ज़ालने लिहिली तर भेट. मराठीत दोन्ही एकसारखीच लिहितात. 'नजराणा' त्या दुसऱ्या शब्दातून आला. चित्राचेही असेच आहे. तोच कागद, तोच रंग, तीच बाई. पण एक चित्र तिच्यावर नजर टाकते आणि दुसरे तिला काही नजर करते.

फरक ओळखायचा कसा? आमच्या मते कसोटी साधी आहे. जिचे चित्र काढले तिच्या हाती ते देता येईल काय? आणि चित्रातली बाई कल्पनेतली असेल, तर पहाटे उठून सरावाला जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या हाती ते देता येईल काय? ती बघेल की आपला पाय बरोबर पडला आहे, हात गालाशी आहे, डोळे समोरच्यावर आहेत. असे चित्र ती भिंतीवर लावील. दुसरे ती मुकाट्याने परत करील, आणि तिने कारण सांगायची गरज नाही.