जात्यावरचं हसू

भोंडल्यात वेड्याचं गाणं हमखास असतं. बायकोने वळलेले लाडू वेड्याला चेंडू वाटतात, शेवया गांडुळं वाटतात. काही तो खेळायला घेतो, काही फेकून देतो. मुलींचा फेर हसत फिरत राहतो. शेवटी बायको पलंगावर झोपलेली असते; ती मेलीच असं समजून वेडा तिला जाळून टाकतो. इथे सगळ्यांत मोठा हशा होतो आणि लगेच खिरापत ओळखायची घाई सुरू होते.

मला हे गाणं निव्वळ गमतीचं कधीच वाटलं नाही. राबून केलेल्या कशाचीच किंमत नवऱ्याला नाही, अखेर जिवाचीही नाही, ही तक्रार बाई कुणापुढे मांडणार होती? पंच पुरुष, सासर परकं, माहेर लांब. मग तिने ती गाण्यात घातली आणि नवऱ्याला सरळ वेडा ठरवून मोकळी झाली.

बाया दुःख विसरायला गात, असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. ते मला पटत नाही. विसरायचंच असतं तर कारल्याच्या वेलाच्या गाण्यात सासूची एकेक अट इतकी ध्यानात ठेवली नसती. सून माहेरी जायचं विचारते. आधी बी पेर, मग वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, असं सासूचं चालूच. अटी वाढतात तसं हसू वाढतं, कारण फेरातल्या थोरल्या बायकांना ही टोलवाटोलवी स्वतःच्या घरातली म्हणून ओळखीची असते.

जात्यावर तर आडोसाच मिळे. पहाटे घर झोपलेलं, दोघी समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात, एकीने मूठमूठ दाणे सोडायचे. घरघरीत काहीही बोलून घेता येई. देवही त्यातून सुटला नाही: जनीपायी विठ्ठलावर रुसलेली रुक्मिणी ओव्यांत आपल्याच वाड्यातल्या बाईसारखी फणकारते.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जमवलेल्या ओव्या १,००,०००हून अधिक भरल्या. ग्रामीण भारताविषयीच्या 'पारी' या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी गाणारणीच्या नावागावासकट ऐकता येतात. ती नावं मला फार मोलाची वाटतात. 'सोशिक ग्रामीण स्त्री' असा शिक्का मारला की सोसायला लावणारे बिनबोभाट सुटतात. नाव असलं की एका बाईचं एक म्हणणं समोर उभं राहतं, आणि ते ऐकून घ्यावं लागतं.

पिठाची गिरणी आली आणि ओव्या आटल्या, याची हळहळ मलाही आहे. पण रोज पहाटे घरभराचं पीठ काढणाऱ्या खांद्यांना गिरणीने सुटका दिली, हेही तितकंच खरं. आता लग्नघरात हळद दळायला जातं मांडतात. म्हाताऱ्या चार ओव्या म्हणतात, विहिणीची यथेच्छ थट्टा करतात. पोळ्यांचं पीठ तोवर डब्यातून गिरणीवरून आलेलं असतं, आणि त्याबद्दल त्यांतली एकही कुरकुरत नाही.