पडीक कोणाला म्हणायचे?

आमच्या बेळगाव जिल्ह्याचे एक नवल आहे. पश्चिमेला खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेला अथणीकडे तो सहाशेच्या आसपास अडखळतो. सह्याद्री चढताना ढग आपले ओझे तिकडेच उतरवतात.

त्या पूर्वेकडच्या माळावर १९९६ च्या पावसाळ्यात मी विद्यार्थ्यांकडून निलगिरीची रोपे लावून घेतली. तेव्हा मी तरुण शिक्षक होतो. खड्ड्यांसाठी आम्ही तरवड आणि बोरीची झुडपे उपटली. ‘पडीक जमीन हिरवी करू’ हे फलकावरचे वाक्य माझेच. मेंढरे घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या धनगराने विचारले, “गुरुजी, ह्यो माळ पडीक हाय असं कुणी सांगितलं तुमास्नी?” मी नुसता हसलो. उत्तर नसले की हसणे, ही आमच्या पेशातली जुनी सवय!

दोन उन्हाळ्यांत बहुतेक रोपे वाळली. तरवडाच्या जागी आली ती वेडी बाभूळ, कानडीतली ‘बळ्ळारी जाली’.

पुढे वाचत गेलो तेव्हा उमगले, की जे उपटले ते या हवामानाला पुरते ओळखून होते. बोरीचे पान लहान, खालून पांढरट लवेचे, म्हणजे ओल कमी उडते. मूळ मुरमात खोल जाते. हिवराच्या शेंगांवर शेळ्या जगतात. तरवडाच्या सालीने पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली. २००० साली निघालेल्या सरकारी ‘वेस्टलँड्स अॅटलास’मध्येही झुडपी जमीन पडीकातच मोजलेली आहे, तेव्हा चूक माझ्या एकट्याची नव्हती, असे म्हणता येईल. पण ही पळवाट मला पटत नाही. अज्ञान क्षम्य असेलही. ज्याला ठाऊक होते तो समोर उभा असताना मी त्याला विचारले नाही, त्याचे काय?

गेल्या वर्षी मुलांना त्याच माळावर नेले. वहीत झाडांची नावे मराठीत आणि कानडीत लिहायची होती. एका मुलीने विचारले, “सर, पडीकला कानडीत काय?” ‘बीळु’, मी सांगितले. बीळु म्हणजे पडणे. आपला ‘पडीक’ही पडण्यातूनच आला. ती थोडा वेळ माळाकडे पाहत राहिली. “पण सर, इथं पडलंय काय?”

या खेपेला मी हसलो नाही.