करदात्याची सदसद्विवेकबुद्धी

आपण ज्याला पाप मानतो त्यासाठी आपल्या कराचा पैसा वापरला जाऊ नये, ही मागणी उडवून लावण्याजोगी नाही. गर्भातला जीव हा पूर्ण माणूसच, असे मनापासून मानणारे असंख्य अमेरिकी नागरिक आहेत आणि त्यांची बोच खरी आहे. मात्र त्या बोचेच्या नावाने जो नियम गेली 4 दशके येतो-जातो आहे, तो तिच्यावरचा उपाय नाही. रेगन सरकारने 1984 मध्ये मेक्सिको सिटीतल्या लोकसंख्या परिषदेत तो जाहीर केला. अमेरिकेची मदत घेणाऱ्या परदेशी संस्थेने कुटुंब नियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपाताची सेवा द्यायची नाही, त्यासाठी स्त्रीला दुसरीकडे पाठवायचे नाही, कायदा सैल करा असेही म्हणायचे नाही. आणि हे सारे इतर देणगीदारांच्या पैशातूनसुद्धा करायचे नाही. मुंबईत 1952 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्लॅन्ड पॅरेंटहूड फेडरेशनने ही अट नाकारली आणि मदत गमावली. पुढे क्लिंटन, ओबामा, बायडेन यांनी नियम काढला, बुश आणि ट्रम्प यांनी परत आणला. 2017 मध्ये ट्रम्प यांनी तो कुटुंब नियोजनापुरता न ठेवता जवळजवळ सर्व जागतिक आरोग्य मदतीला लावला आणि जानेवारी 2025 मध्ये तो पुन्हा लागू केला.

करदात्याच्या विवेकाची राखण यापूर्वीच झाली होती. कुटुंब नियोजनाचा मार्ग म्हणून होणाऱ्या गर्भपातावर परदेशी मदतीचा पैसा खर्च करण्यास 1973 च्या हेल्म्स दुरुस्तीनेच मनाई केली. म्हणजे नंतरचा नियम अमेरिकी पैशाला नव्हे, दुसऱ्यांच्या पैशाला आणि डॉक्टरच्या तोंडाला कुलूप लावतो. यावर उत्तर येते की पैशाला रंग नसतो. दवाखान्याच्या एका खर्चाला मदत केली की दुसऱ्या खर्चासाठी रक्कम मोकळी होते. युक्तिवाद वजनदार आहे, पण तो मांडणाऱ्यांनीच तो पाळला नाही. 2017 च्या नियमातून परदेशी सरकारे वगळली होती. सरकारी तिजोरीतला पैसाही तितकाच बिनरंगी असतो.

परिणाम त्याहून बोलका आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहाराच्या दक्षिणेकडील 26 आफ्रिकी देशांची 1995 ते 2014 या काळातली माहिती तपासली आहे. अमेरिकी मदतीवर जास्त विसंबलेल्या देशांत नियम लागू असताना, कमी विसंबलेल्या देशांच्या तुलनेत, गर्भपाताचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी वाढले आणि आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर सुमारे 14 टक्क्यांनी घटला. कारण उघड आहे: गर्भपाताबद्दल बोलणारी संस्थाच बहुधा गावोगाव गोळ्या आणि इंजेक्शने पोचवत असते. तिचे अनुदान थांबले की नको असलेली गर्भधारणा वाढते. हा योगायोग असू शकेल, अशी शंका रास्त आहे. पण नियम उठताच हा कल उलटलाही, आणि नियमाचे येणे-जाणे आफ्रिकेतल्या घडामोडींवर नव्हे, अमेरिकेतल्या मतपेटीवर अवलंबून होते. त्यामुळे योगायोगाला फारशी जागा उरत नाही.

तरीही कोणी म्हणेल, आकडे काहीही असोत, माझे हात त्या कामाला लागू नयेत. या भूमिकेला आकड्यांनी उत्तर देता येत नाही, हे मान्य. पण हात स्वच्छ राखण्याचा हक्क आपल्या पैशापुरता असतो, आणि हे अमेरिकेच्याच न्यायालयाने ओळखले आहे. 1991 च्या ‘रस्ट विरुद्ध सलिव्हन’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशांतर्गत कुटुंब नियोजन अनुदानावरची अशीच बंधने वैध ठरवली. मात्र त्याचा एक आधार असा होता, की अनुदान घेणारी संस्था गर्भपातासंबंधीचे काम वेगळे ठेवून स्वतःच्या निधीतून करू शकते. आपल्या संस्थांसाठी ही वाट मोकळी ठेवणाऱ्या देशाने ती नैरोबीतल्या दवाखान्याला का नाकारावी, याचे समाधानकारक उत्तर या नियमाच्या समर्थकांनी अजून दिलेले नाही.