तीच जीप, तोच नंबर

पासिंगच्या दिवशी एजंट सगळ्यात आधी गाडीखाली वाकतो. फ्रेमच्या पुढच्या भागात, चाकाच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचे ग्रीस आणि चिखल थापलेला असतो. तारेच्या ब्रशने तो खरवडायचा, रॉकेलच्या बोळ्याने जागा पुसून घ्यायची, वर पातळ कागदाची पट्टी धरायची आणि शिसपेन्सिल आडवी करून घासायची. करड्या रंगातून एकेक आकडा पांढरा उमटत जातो. मुले नाण्यावर कागद ठेवून छाप काढतात, अगदी तसाच. ही पट्टी फॉर्मवर चिकटवली की कागदोपत्री एक विधान पक्के होते: चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नोंदवलेली गाडी ती हीच.

पण ती हीच आहे का?

महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप घ्या. सह्याद्रीच्या कडेकपारीतल्या गावांत ही गाडी पिढ्यान्‌पिढ्या चालली. पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिन उतरवून डिझेल चढवले. इंजिन बदलल्यावर गिअरबॉक्स आला. घाटात भरवसा हवा म्हणून ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक आले, पॉवर स्टिअरिंग आले. कोकणातल्या चार पावसाळ्यांत पत्रा कुजला, तेव्हा बॉडी नवी झाली. आता फ्रेम तेवढी जुनी, तीही दोन ठिकाणी वेल्डिंग केलेली. मालकाला विचारले तर तो सांगेल, ही आजोबांची जीप. आरटीओत विचारले तर उत्तर इतके सरळ मिळणार नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५२ सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. गाडीची मूळ रचना बदलता येणार नाही. रंगासारखे तपशील मात्र नियमाप्रमाणे नोंद करून बदलता येतात. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कायद्याने दारे अगदीच बंद केलेली नाहीत. मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलता येते, आणि केलेला फेरफार १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर चढवून घ्यायचा असतो.

रंग बदलला तर गाडी तीच, सांगाडा बदलला तर नाही. ही रेघ कायदा करणाऱ्यांनी सोयीसाठी ओढली असे वाटेल. भारतीय दर्शनांत मात्र याच रेघेवर शतकानुशतके वाद झाला आहे, आणि तोही कुंभाराच्या आव्यापाशी उभे राहून. कच्चा घडा आत जाताना काळसर असतो, बाहेर येतो तो लाल. वैशेषिकांचे म्हणणे असे की आचेने घडा परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळून नवा घडा तयार होतो. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिकांना हे पटले नाही. आव्याच्या भोकातून डोकावले तर घडा जागच्या जागी दिसतो, त्यावर रचलेली मडकी कोसळत नाहीत; मग तो मोडला कधी? घडा आख्खाच भाजला जातो, फक्त रंग पालटतो. हा पिठरपाक. रंगाच्या बाबतीत आपले न्यायालय नैयायिकांच्या बाजूचे ठरते. अवयव बदलण्याची गोष्ट आली की दोन्ही दर्शने कठोर होतात. कापडातून एक धागा ओढून काढला तर पहिले कापड संपले, उरले ते दुसरे, ज्याला ते खंडपट म्हणतात. पूर्ण वस्तू म्हणजे तिच्या भागांची नुसती बेरीज नव्हे, भागांत राहणारी ती वेगळीच एक वस्तू आहे, असे मानल्यावर हा निष्कर्ष टाळता येत नाही. कलम ५२ मध्ये ‘मूळ तपशील’ या शब्दांना जे वजन आहे, ते याच विचाराच्या जवळचे आहे.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न हिशेबाने सोडवायचा प्रयत्न झाला. तिथल्या वाहन नोंदणी खात्याने अनेक वर्षे गुणांची पद्धत चालवली. मूळ चेसिसला, किंवा त्याच बनावटीच्या नव्या चेसिसला ५ गुण. सस्पेन्शन, दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनाला फक्त १. बेरीज निदान ८ भरली तर जुना नंबर राहायचा. नाही तर वेगळी तपासणी करून घेऊन ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा नंबर लावायचा, म्हणजे या गाडीचे वय किंवा मूळ नक्की सांगता येत नाही असे जगजाहीर करायचे. इंजिनाला सगळे गाडीचे काळीज म्हणतात, आणि त्याला एकच गुण! काळीज बदलले तरी माणूस तोच, हाडांचा सापळा बदलला तर दुसरा, असा हा न्याय. ऑगस्ट २०२५ मध्ये हे धोरण सैल झाले. मोठे फेरफार केलेल्या किंवा विजेवर आणलेल्या जुन्या गाड्यांनाही, खात्याला कळवून, मूळ ओळख ठेवता येऊ लागली. हिशेब चुकीचा नव्हता, तो अपुरा होता. तो किती अपुरा आहे हे त्याआधी ३५ वर्षांपूर्वीच लंडनच्या हायकोर्टात दिसून आले होते.

ते प्रकरण एका बेंटलीचे. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पीड सिक्स गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चालवणाऱ्यांपैकी होता. पहिल्या वर्षी जोडीला टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. शर्यतीच्या गाडीचे आयुष्य म्हणजे अखंड दुरुस्ती. दर हंगामात काही निघाले, काही चढले. पुढे तिला आठ लिटरचे मोठे इंजिन बसले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या कडेवरून गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. मोडलेली गाडी पुन्हा बांधली गेली, या वेळी बंद टपाची, रस्त्यावर चालवायची. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकायचे ठरले आणि खरेदीदाराने हरकत घेतली: ल मान्स जिंकलेली गाडी ती हीच कशावरून?

पुरावा तपासला तेव्हा १९२९ च्या गाडीतले जवळजवळ काहीच उरले नसल्याचे निघाले. १९३० च्या गाडीतलेही मोजके भाग. नैयायिकांच्या कापडाच्या न्यायाने ती गाडी कधीच संपली होती. न्यायमूर्ती ऑटन यांनी मात्र निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. ही गाडी ‘मूळ’ म्हणता येणार नाही, पण ती अस्सल आहे, असा फरक त्यांनी केला. नवे भाग इतक्या हळूहळू येत गेले की कोणत्याही टप्प्यावर गाडीने आपली ओळख टाकली असे झाले नाही. तिचा इतिहास मध्ये कुठे तुटलेला नाही. आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. लोखंड गेले, पण चरित्र अखंड राहिले, आणि न्यायालयाने ओळख त्या चरित्रात पाहिली.

या निकालापाशी बौद्ध विचार आठवल्याशिवाय राहत नाही. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादातला रथ सगळ्यांना ठाऊक असतो. दांडा रथ नव्हे, आस रथ नव्हे, चाक रथ नव्हे, सगळ्यांचा ढीगही रथ नव्हे. रथ हे केवळ व्यवहारातले नाव. रथाची गोष्ट इथेच सोडून दिली तर वाटते की नागसेनाच्या लेखी ओळखीला अर्थच नाही. पण त्याच ग्रंथात पुढे आंबे चोरणाऱ्याची गोष्ट येते. पकडलेला चोर राजापुढे सांगतो, याने लावलेला आंबा वेगळा होता, मी तोडलेले आंबे वेगळे. मी याचे काही चोरले नाही. मिलिंदाला विचारले तर तो म्हणतो, शिक्षा व्हायलाच हवी, कारण नंतरचे आंबे पहिल्यातूनच आले. जमिनीत पुरलेली कोय आणि फांदीवरचे फळ यांत एक कणही सामाईक नसेल, तरी जबाबदारीची साखळी तुटत नाही.

जीपच्या प्रश्नाचे खरे मर्म या चोराच्या गोष्टीत आहे. गाडीला नंबर असतो तो तिच्या सत्त्वाचा दाखला म्हणून नसतो. घाटात तिने कोणाला धडक दिली, तर कोणाच्या दारी जायचे, हे कळावे म्हणून तो असतो. अपघातात चुराडा झालेल्या गाडीचे कागद आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला चिकटवायचे, हा धंदा चालतो. त्यात कागद अस्सल असतात, आकडेही जुळतात. खोटी असते ती साखळी. म्हणून ओळखीचा प्रश्न नैतिक आहे, आणि तो ‘सगळे भाग मूळचे आहेत का’ या प्रश्नापेक्षा निराळा आहे.

हे आपल्या घरांना नवे नाही. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक पूजेने झिजतात, नाकडोळे दिसेनासे होतात. मग ते सोनाराकडे जातात, त्याच चांदीत भर घालून नवे घडतात, आणि पूजा होऊन पुन्हा देव्हाऱ्यात बसतात. कुलदैवत बदलले असे कोणी म्हणत नाही. पुरीला जगन्नाथाच्या नवकलेवरात, अलीकडे २०१५ साली, मूर्तीचे सगळे लाकूडच नवे होते. जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळ्यांवर पट्टी बांधून, नव्या मूर्तीत ठेवतात. दोन्हीकडे बदल लपवलेला नाही. तो विधीने, माहीतगारांच्या हाताने, मान्य करून केला जातो.

आपल्या कायद्याने जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये एक चांगली वाट काढली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी १० वर्षांची. पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. ज्या गाड्या संग्रहालयात शोभतील त्यांची यात सोय झाली. घाटात राबलेली, राबता राबता बदललेली जीप ना विंटेजमध्ये बसते ना कलम ५२ च्या चौकटीत. आजोबांपासून नातवापर्यंतची तिची साखळी शाबूत आहे, पण ती नोंदवायला रकाना नाही. ब्रेक किती अंतरात लागतात, फ्रेमचे वेल्डिंग सोसते का, दिवे कुठवर दिसतात हे निरीक्षकाने कठोरपणे तपासावे, आणि नापास झाली तर गाडी उभी करावी. त्यात दयामाया नको. पण पास झालेल्या गाडीचा प्रत्येक बदल तारखेसकट आरसीवर चढावा. तसे झाले तर मालकाला लपवायचे कारण उरणार नाही. आज बरेच जण १४ दिवसांत कळवत नाहीत, कारण कळवले तर परवानगी मिळण्याऐवजी गाडीच जाईल अशी धास्ती असते.

त्या जीपचे मूळ पेट्रोल इंजिन मालकाने भंगारात दिलेले नाही. कित्येक जण देत नाहीत. गोठ्याच्या कडेला, लाकडी ओंडक्यांवर, जुन्या पोत्याखाली ते पडून आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. पोते बाजूला सारून बोटाने धूळ पुसली की त्यावरचा इंजिन नंबर अजून वाचता येतो.