टँकरचं पाणी

अंबड तालुक्यातल्या एका गावात बापासाठी जिवाचं रान करणारा लेक दाखवायचा झाला, तर लोक आबांच्या थोरल्याकडे बोट दाखवायचे. आबांनी उभ्या जन्मात तंबाखू-चुन्याची चिमूट डाव्या गालात धरली आणि त्याच गालात गाठ निघाली. थोरल्याने त्यांना संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात नेलं. ऑपरेशन झालं, रेडिएशनची लाईट झाली, फायलीत मावेनात इतके कागद झाले. वर्ष सरता सरता गाठ पुन्हा आली. डॉक्टरांनी थोरल्याला बाजूला बसवून नीट समजावलं, की आता चाकू लावून किंवा केमो देऊन आजार मागे हटणार नाही. माणूस मात्र आणखी खंगेल. दुखणं कमी ठेवा, जखम स्वच्छ ठेवा, जवळ बसा.

थोरल्याच्या कानात यातलं एवढंच शिरलं, की आजार हटणार नाही. परतीच्या गाडीतूनच त्याने मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांना फोन लावायला सुरुवात केली.

त्यानंतर घराच्या ओसरीवर रोज माणसं बसू लागली. मुंबईच्या खर्चासाठी कालव्याकडची दोन एकर जमीन विकायची बोलणी निघाली. कुणी जडीबुटीवाल्याचा पत्ता आणला, कुणी भगताचा. थोरला सगळ्यांना चहा पाजायचा, सगळ्यांचं ऐकायचा आणि रात्री उशिरापर्यंत फोनवर असायचा. पाहणारे म्हणायचे, "पोरगं काही कसर ठेवीना बघा."

मागच्या खोलीत मात्र वर्दळ नव्हती. गाठ गालातून बाहेर फुटली होती आणि जखमेची घाण दारापर्यंत यायची. माय तेवढी पदर नाकाला न लावता आत वावरायची. आबांच्या कुशीत झोपणारा आठ वर्षांचा नातू आता उंबऱ्यावरून परत फिरायचा. रात्री दुखणं चढलं, की आबा खाटेची लोखंडी पट्टी घट्ट धरून कण्हायचे. तो आवाज ओसरीवर ऐकू यायचा. मग थोरला उठून अंगणात जायचा आणि आणखी एखादा नंबर फिरवायचा.

एके दिवशी गावातल्या आशाताई सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरला घेऊन आल्या. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन पाहण्याचं काम या सिस्टर करत. थोरल्याला वाटलं, इंजेक्शन देऊन जातील. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खाटेला लागून स्टूल घेतलं आणि आबांच्या तोंडाशी कान नेत विचारलं, "आबा, सगळ्यात जास्त तरास कशाचा होतोय?"

आबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत गाठ किती सेंटिमीटर आहे, रक्तात काय आहे, पैसे किती भरायचे, हे सगळं विचारून झालं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. जड जिभेने ते म्हणाले, "वासाचा. पोरगं जवळ येईना."

"आणि दुखण्याचा?"

"ते हायेच. पण आधी वासाचं बघा."

सिस्टरांनी मीठ घालून उकळलेलं पाणी कोमट करून मागितलं. जखम धुतली, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक कुटून त्यांची पूड वर पसरली, पातळ कापडाची घडी ठेवली. थोरल्या सुनेला आणि मायला शेजारी बसवून सगळं पुन्हा करून दाखवलं. म्हणाल्या, "रोज असंच करा. हा वास जंतूंचा आहे, आबांचा नाही. चार-पाच दिवसांत कमी होईल."

मग डॉक्टरांनी लिहून दिलेली मॉर्फिनची पुडी काढली. ते नाव ऐकताच थोरला पुढे आला.

"म्हंजे अफू? बापाला नशेडी करता का आता?"

सिस्टर चिडल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना घरोघरी भेटत असावा. "दादा, दुखण्यासाठी मोजून घेतलेल्या औषधाचं व्यसन सहसा लागत नाही. 10 मिलिग्रॅमची गोळी आहे. दर चार तासांनी द्यायची, कण्हायची वाट बघायची नाही. सुरुवातीला दोन दिवस झोप येईल, पोट साफ होणार नाही, म्हणून त्याचं औषध सोबत दिलंय. दुखणं हटलं नाही तर मात्रा डॉक्टर वाढवतील, तुम्ही मनाने वाढवू नका."

"इतकी चांगली गोळी, तर आजवर कुणी दिली कामून नाही?"

"1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ती इतक्या परवान्यांत अडकली, की रुग्णालयांनी ठेवायचंच सोडून दिलं. 2014 साली कायदा बदलला, मान्यता असलेल्या रुग्णालयांना वाट मोकळी झाली, पण भीती अजून तशीच आहे. मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, परदेशातल्या औषधांसाठी इथून माल जातो, आणि आपलं माणूस रात्रभर खाट धरून कण्हतं."

थोरला गप्प झाला, पण त्याचं समाधान झालं नाही. सिस्टरांना ओसरीवर आणून त्याने आबांना मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं सांगितलं. जमिनीचा इसार दोन दिवसांत होणार होता.

"मुंबईत आबा बरे होणार असतील, तर गाडी मीच बघून देते," सिस्टर म्हणाल्या. "पण संभाजीनगरच्या डॉक्टरांचा कागद मी वाचलाय. आणि मुंबईतसुद्धा अशा रोग्यांसाठी काय करतात, माहीत आहे? वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, 1986 पासूनचं. देशातलं अशा तऱ्हेचं पहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, 1997 पासूनचं. तिथे पैसे घेत नाहीत, घरच्या माणसाला सोबत ठेवून शिकवतात. तिथेही जखम अशीच धुतात, गोळी अशीच घड्याळावर देतात आणि रोग्याला विचारतात, काय हवंय. घरी जमत नसेल तर वारज्याला जा. पण जमीन विकून काय विकत आणणार आहात, ते आधी ठरवा."

"असं विचारायचं तुम्हाला शिकवलं कुणी?"

"लंडनला सिसिली साँडर्स म्हणून एक बाई होत्या. आधी नर्स, मग डॉक्टर झाल्या. 1967 साली त्यांनी असाध्य रोग्यांसाठी रुग्णालय काढलं. त्या म्हणायच्या, अशा माणसाचं दुखणं नुसतं अंगाचं नसतं; मनाचं असतं, पैशाचं असतं, तुटलेल्या नात्यांचं असतं. गोळी त्यातल्या एकालाच लागू पडते. केरळात 1993 साली कोझिकोडच्या डॉक्टरांनी हे काम सुरू केलं, तर पुढे रिक्षावाले, शिक्षक, कॉलेजची पोरं शिकून घरोघरी जायला लागली. निम्मं काम डॉक्टरचं नसतंच, दादा. ते घरच्यांचं असतं."

"मग मी काय करत होतो इतके दिवस?" थोरल्याचा आवाज चढला.

"ते मी कशी सांगू? आबांना विचारा."

"त्यांना काही माहीत नाही. आम्ही सांगितलं नाही."

सिस्टरांनी पिशवी खांद्याला लावली. "सहा महिने आरशात बघतायत ते."

पाचव्या दिवशी खोलीतला वास उतरला. आठवडाभराने आबा सलग झोपले; माय पहाटे दोनदा उठून त्यांचा श्वास बघून आली. त्या सकाळी नातू उंबरा ओलांडून आत गेला आणि खाटेच्या पायथ्याशी अभ्यासाची वही घेऊन बसला.

थोरला दारात उभा राहून ते बघत होता. आबांनी त्याला हाताने बोलावलं. कितीतरी दिवसांनी तो त्या स्टुलावर बसला.

"इसार झाला का रे?"

थोरला चपापला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ओसरीवरचं सगळं ऐकू येतं इथं. तुला वाटतं, मला ठावं नाई. मला ठावं हाये. तुला सांगायचं कसं, म्हणून मीच गप होतो." आबा थांबले, मायने चमच्याने पाणी दिलं. "तो दुष्काळ आठवतो का? बाग गेली तो?"

2012-13 चा दुष्काळ जालन्यात कोण विसरेल? जायकवाडीचं पाणी तळाला गेलं, कालवा कोरडा पडला, विहिरी खडखडल्या. गावोगावी मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालली.

"पलीकडच्या मळ्यात टँकर आला, म्हणून मी बी आणला. तुझी माय सांगत होती, औंदा फळाचा नाद सोडा, निम्मी झाडं तोडा, निम्मी छाटून बुडाशी पाचट घाला, तेवढी जगवू. मी ऐकलं नाई. सडकेनं जाणाऱ्याला बाग हिरवी दिसली पाह्यजे, लोकांनी म्हणावं, गडी हरला नाई. कर्ज काढून टँकर ओतले. मुळाला काय पोचतं, ते एकदा खोदून बघितलं नाई. सगळी बाग वाळली, कर्ज तेवढं हिरवं राहिलं." आबांनी लेकाच्या मनगटावर हात ठेवला. "ते पाणी मी झाडाला नव्हतं घातलं, बाबा. सडकेनं जाणाऱ्यांच्या डोळ्यांना घातलं होतं. आता तू माझ्या नावानं टँकर आणायला निघालास."

थोरल्याला रडू फुटलं. बापाच्या दुखण्यात तो पहिल्यांदाच बापासमोर रडला. मग सिस्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलेला प्रश्न त्याने आपल्या शब्दांत विचारला. "आबा, तुमच्यासाठी काय करू?"

आबांची यादी छोटी होती. जमीन विकायची नाही. कुठे न्यायचं नाही. आणि नानाला बोलवायचं. नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. सामाईक विहिरीच्या पाळीवरून दोन्ही घरं बोलत नव्हती. थोरला त्याच संध्याकाळी चुलत्याच्या दारात गेला. नाना चपला न घालता आले. पाळीचा कागद दोन्ही भावांनी खाटेवर बसून केला. आठवड्याचे वार वाटून घेतले. ओसरीवर कुणी साक्षीला नव्हतं.

पुढचे दिवस कामाचे गेले. थोरला जखम धुवायला शिकला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायला शिकला. सिस्टर येत-जात राहिल्या. येतील तेव्हा मायजवळही बसत आणि तिला विचारत, "तुम्ही जेवलात का?" शेवटाकडे काय होईल, तेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. भूक जाईल, बळंच भरवू नका, घास श्वासनळीत जाईल. ओठ ओले ठेवा. घशात घरघर वाजेल, ती ऐकणाऱ्याला जास्त लागते. काही अडलं तर रात्री बेरात्री फोन करा.

आणि खरी कसोटी तिथेच लागली. आबांनी खाणं सोडल्याचं कळताच सोयरे जमले. मामांनी अंगणातूनच आवाज चढवला, "घरात उपाशी मारता का माणसाला? सलाईन लावा, गाडी काढा. उद्या लोक काय म्हणतील, पैसा वाचवला म्हणतील!"

ओसरी एकदम शांत झाली. थोरल्याची मान खाली गेली. बापासाठी काही कसर ठेवली नाही, हे ऐकण्यासाठी त्याने कितीतरी महिने धावपळ केली होती. आता त्याच ओसरीवर ते नाव जाणार होतं.

"मामा," तो म्हणाला, "म्हणू द्या लोकांना. सलाईनचं पाणी आता अंगात जिरायचं नाही, फुफ्फुसात साचेल, जीव घाबरा होईल. आबांनी सांगितलंय, इथंच राहायचं. तुम्हाला त्यांच्यासाठी काही करायचं असेल, तर आत या. बोळा भिजवून ओठांना लावायचाय."

मामा घुटमळले. मग पागोटं काढून आत गेले आणि बहिणीच्या हातून बोळा घेतला.

तीन दिवसांनी आबा गेले. नाना, माय, दोन्ही लेक, सुना, सगळे खोलीत होते. तेराव्याला एक-दोघं कुजबुजलेच, की मुंबईला न्यायला पाहिजे होतं. थोरल्याने ऐकलं आणि पंगतीत वाढत राहिला.

पावसाळ्यानंतर शेजारच्या वाडीचा एकजण त्याच्याकडे आला. बायकोला स्तनात गाठ निघाली होती. "तू सगळं केलंयस. मोठ्यातला मोठा दवाखाना सांग. बैल विकतो, पण लोकांनी नाव ठेवायला नको."

थोरल्याने त्याला आधी संभाजीनगरचा रस्ता सांगितला. "उशीर करू नको. लवकर कळलं तर ही गाठ बरी होऊ शकते, डॉक्टर म्हणतील ते सगळं कर. आणि दुखायला लागलं तर उपचार चालू असतानाच सिस्टरांना बोलाव, शेवटाची वाट बघू नको." मग त्याने विचारलं, "पण वहिनीला काय वाटतं? तिला कशाची भीती वाटते?"

"तिला काय विचारायचं? तिला सांगितलंच नाही."

"मग बैलाचं नंतर बघू," थोरला पायात चपला सरकवत म्हणाला. "चल, आधी तिच्याजवळ जाऊन बसू."

तात्पर्य: दुखणाऱ्यासाठी केलेलं आणि बघणाऱ्यांसाठी केलेलं लांबून सारखंच दिसतं. त्यातला फरक दुखणाऱ्यालाच ठाऊक असतो, म्हणून सेवेला हात घालण्याआधी त्याला विचारावं.